मेजरसाहेबांचे बूट

१

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमाराला, नवसी टोपली घेऊन कालवं काढायला खडकांकडे निघाली होती. ओहोटीने समुद्र पार आत गेला होता. खडकांच्या अलीकडे, ओल्या वाळूवर तिला बूट दिसले. काळे, कातडी, टाचेला टाच जुळवून ठेवलेले. उजव्या अंगाला पितळी मुठीची काठी, काठीच्या शेजारी चष्म्याचं घर. नवसीने टोपली तिथेच टाकली आणि गावाकडे धावत सुटली, कारण ती काठी ओळखत नाही असं माणूस चिंचणीत नव्हतं.

हवालदार धर्माजी तांडेल येईपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. इतकी माणसं जमली की पोलिसाला करण्यासारखं फार उरत नाही. निकाल लागलेला होता. निवृत्त मेजर भगवंत राऊत काल संध्याकाळी साडेपाचला नेहमीसारखे फिरायला निघाले, परतलेच नाहीत, आणि समुद्राने त्यांना नेलं. का नेलं, याचाही निकाल लागला होता.

"सुनंनं घालवला त्याला," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "तो प्रकल्पावरचा नामदेव काल घरात येऊन भांडून गेला. दोगांनी मिळून काय केला, देवालाच ठावं."

धर्माजी बुटांपाशी उकिडवा बसला. मच्छीमाराच्या घरात जन्मून होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या काढणारा हा माणूस. बापाने हात टेकले होते. मेजरसाहेबांनी शब्द टाकला म्हणून पोलिसात लागला, नाहीतर आज जाळी विणत बसला असता. साहेबांचं त्याच्यावर ऋण होतं आणि ते आता फेडायची वेळ अशी यावी याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याने बुटात हात घातला. आत मोजे होते, घडी घातलेले, कोरडे. बूट उलटा करून तळ पाहिला, शिवण पाहिली. मग सुलटा केला. बुटाच्या टोकात त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

"नवशे, तू हात लावलास याला? पुसलास?"

"नाय बा. मी कशाला पुसू? बगितला न् पलाली."

धर्माजी उठला. त्याने समुद्राकडे पाहिलं, मग मागे वर, सुरूच्या झाडांकडे पाहिलं. झाडांच्या बुंध्यापर्यंत रात्रीच्या भरतीने शेवाळ आणून टाकलं होतं. हे बूट साहेबांनी काढून ठेवलेले नाहीत, एवढं त्याला तिथल्या तिथे कळलं. मग कुणी ठेवले, आणि साहेब कुठे आहेत, हे प्रश्न उरले.

२

मेजरसाहेबांचं घर वाडीच्या टोकाला, नारळीच्या सावलीत. गेली पाच वर्षं त्या घराचं एकच काम होतं, वाट पाहणं.

साहेबांचा एकुलता एक मुलगा पंढरी, नुकताच फौजेत अधिकारी झालेला. बासष्टच्या लढाईत बर्फात गेला तो परत आला नाही. बेपत्ता, बहुधा मृत, असं पत्र आलं. सुगंधाचं लग्न होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. भाऊबंद म्हणाले, दिवस उरकून घ्या, पोरीला किती टांगून ठेवायचं. साहेब ओटीवर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी जिवंत आहे तोवर या घरात पंढरीचे दिवस होणार नाहीत." फौजी माणसाचा शब्द. पाच वर्षांत त्यात सूतभर फरक पडला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ते दिल्लीला पत्र लिहायचे, आणि रत्नाबाई रोज दोन वेळा पंढरीचं ताट मांडायच्या. रिकामं ताट, शेजारी पाण्याचा पेला. जेवणं झाली की पुसून ठेवायच्या.

धर्माजी पोचला तेव्हा दुपार व्हायला आली होती. साहेबांचा जुना अर्दली रामकिसन ओटीच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. परभणीकडचा माणूस, वीस वर्षं साहेबांच्या मागे सावलीसारखा. साहेब निवृत्त झाले तसा तोही त्यांच्यामागून इथे आला. समुद्राला तो अजून 'मोठं तळं' म्हणायचा.

"रामकिसन, काल साहेब गेले तेव्हा पायात काय होतं?"

"बूट," रामकिसन मान वर न करता म्हणाला. "दुसरं काय असनार."

आत रत्नाबाई चुलीपाशी होत्या. डोळे सुजलेले, पण हात चालू होता. कपाळावर नेहमीचं रुपयाएवढं कुंकू. शेजारणींनी डोळे मोठे केले होते, पण धर्माजीला त्यात नवल वाटलं नाही. ज्या घरात पाच वर्षं मुलाला मेलेला म्हटलं नाही, तिथे एका सकाळीत नवऱ्याला कोण म्हणणार.

"काकी, साहेब कुणावर रागावले होते का?"

"ते रागवायचे तेव्हा सगळ्यांवरच रागवायचे. काल नाही रागावले." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "थोडं खाऊन घे, धर्माजी. सुगंधा, पोरी, तूही ये. सकाळपासून पाण्याचा घोट नाही पोटात."

त्यांनी ताटं मांडली. एक सुगंधाचं, एक धर्माजीचं, एक स्वतःचं आणि रोजच्या जागी पंढरीचं. धर्माजीला घास उतरत नव्हता. तो भिंतीकडे पाहत बसला. भिंतीला एक खिळा होता, त्यावर साहेबांचा एनॅमलचा पांढरा मगा टांगलेला असायचा, काठ उडालेला, फौजेतला. चहा ते त्यातूनच प्यायचे; कलेक्टरसाहेब आले तेव्हाही त्यातूनच प्यायले होते. खिळा रिकामा होता.

सुगंधा अठ्ठावीसची असेल. बोईसरच्या शाळेत शिकवायची. ती जेवली नाही, पण बोलली मात्र सरळ.

"लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, धर्माजीदादा. नामदेव आणि मी लग्न करणार होतो, हे खरं आहे. काल तो मामंजींना विचारायला आला, हेही खरं आहे. मी चोरून काही केलं नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"माझ्याशी ते आठ दिवस बोललेच नाहीत. तो एका हाताचा माणूस येऊन गेल्यापासून."

"कोण एका हाताचा?"

"फौजेतला कुणी. साताऱ्याकडचा. ओटीवर तासभर बसले दोघं. मी चहा घेऊन गेले तर मामंजींनी हाताने परत फिरवलं. त्यानंतर एक तारीख आली आणि गेली." तिचा आवाज दबला. "त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं नाही."

३

नामदेव सरावलीत एका खोलीत राहायचा. नाशिककडचा, इथल्या नव्या अणुवीज प्रकल्पावर नकाशे काढायच्या कामाला. खोलीबाहेर दहाबारा माणसं उगाच उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "हवालदारसाब, इसको ले जाओ, नहीं तो चिंचणीवाले मार डालेंगे." ते काही खोटं नव्हतं.

नामदेव पांढराफटक पडला होता. "आवाज चढला, पण माझा. त्यांचा नाही. मी म्हणालो, जिवंत बाईला तुम्ही पाच वर्षं पुरून ठेवलंय. फार वाईट बोललो मी." त्याने तोंड पुसलं. "मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तर त्यांनी शांतपणे विचारलं, मी नसलो तर तुझा शब्द कायम राहील का? मी म्हणालो, राहील. ते म्हणाले, ठीक आहे, जा."

धर्माजीने डोळे मिटले. एवढं वाक्य न्यायालयात सांगितलं तर माणूस सरळ फासावर जाईल, किंवा फार झालं तर मेजरसाहेबांनी जीव दिला असं ठरेल. दोन्हीकडून सुगंधाच्या कपाळी एकच येत होतं. सासऱ्याला खाऊन दुसरा दादला करणारी. चिंचणीत नाही, बोईसरात नाही, पालघरपर्यंत कुठल्या शाळेत तिला उभं करणार नव्हते.

नामदेवला घेऊन चौकीवर परतला तर निरोप येऊन पडलेला. उद्या दुपारी बाराला पालघरहून फौजदार येत आहेत. नामदेवला ताब्यात ठेवा, सुनेचा जबाब घ्या.

धर्माजी तंबाखू घ्यायला वाण्याकडे वळला. वाणी खुशीत होता. गावात काही भयंकर घडलं की त्याचा धंदा वाढायचा.

"काय दिवस आलेत हवालदार. आज आपल्या गोमाने ब्लेडचं पाकीट नेलं. गोमाने. ज्याच्या हनुवटीवर मोजून सात केस, तो."

धर्माजी हसला नाही. तंबाखू तळहातावर तशीच राहिली. गोमा म्हणजे बोईसरपलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा वारली. आठवड्यातून एकदा मेजरसाहेबांकडे लाकडाची मोळी टाकायचा.

"कधी नेलं?"

"सकाळीच. बुटांची बोंब व्हायच्या आधी."

४

संध्याकाळी रामकिसनला त्याने किनाऱ्यावर नेलं, बूट सापडले तिथे. पाणी तसंच दूर होतं.

"रामकिसन, काल पुनव होती. पुनवेला आमचं पाणी दुपारी बाराला भरतं आणि मध्यरात्री बाराला. सकाळ-संध्याकाळी सहाला असं आत असतं. साहेबांनी काल संध्याकाळी इथे बूट काढले असते, तर मध्यरात्री या जागेवर दोन पुरुष पाणी होतं. बूट गेले असते डहाणूला. ते इथे होते, मोजे कोरडे होते, म्हणजे पाणी ओसरल्यावर, पहाटे कुणीतरी आणून ठेवले. हे इथल्या कुणी केलं नाही. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून पाणी सांगतं."

रामकिसन पाण्याकडे पाहत राहिला.

"आणि दुसरं. वाळूतून चालत आलेल्या माणसाच्या बुटाला वाळू असते. या बुटांच्या शिवणीतसुद्धा कण नव्हता. पॉलिश होतं, ताजं. जीव द्यायला निघालेला माणूस बूट पॉलिश करत नाही, आणि मारेकरी तर नाहीच करत. साहेबांचे बूट हातात आले की पॉलिश केल्याशिवाय खाली न ठेवणारा माणूस मला एकच ठाऊक आहे."

रामकिसन वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"सायेब म्हनले, अंधार पडला की सुरूच्या झाडाखाली ठिव. म्या नेले बी. पर रातभर बूट उगड्यावर कसे सोडावं हवालदारसाब? कुनी चोरले तर? सायबाचे बूट हाईत ते. मंग म्या मांडीवर घेऊन बसलो. हात मोकळा बसंना, म्हून पॉलिश मारलं. उजाडताना म्हनलं, आता ठिवावं, पान्याजवळ, मंजी लोकास्नी नीट दिसंल."

"साहेब जिवंत आहेत?"

"जाताना कापडी बूट घातले व्हते. कुटं गेले, नाही सांगितलं. हुकूम व्हता, इचारायचं नाही."

धर्माजीही त्याच्याशेजारी बसला. साहेब जिवंत होते, या आनंदाला अजून वेळ होता. आधी साहेबांच्या घरी जाऊन एक गोष्ट विचारायची होती, आणि ती रामकिसनला विचारण्यासारखी नव्हती.

रत्नाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या.

"काकी, माणूस गेला की बाई कुंकू पुसते. तुम्ही पुसलं नाही. मला वाटलं, वाट बघताहेत. पण या घरात ज्याची वाट बघतात त्याचं ताट मांडतात. दुपारी पंढरीचं मांडलंत, साहेबांचं नाही मांडलं. पाच वर्षं हात चुकला नाही तुमचा, आज कसा चुकला?"

रत्नाबाई वात सारत राहिल्या.

"साहेब गेलेले नाहीत, आणि तुम्ही त्यांची वाटही बघत नाही. ते कुठे जेवले हे तुम्हाला ठाऊक आहे."

"सकाळी गोमाबरोबर गव्हाचं पीठ धाडलं," त्या हळूच म्हणाल्या. "नाचणी सोसत नाही त्यांना. दाढीची पाती द्यायची राहिली." मग त्यांचा आवाज फुटला. "पंढरी गेला रे, धर्माजी. त्या एका हाताच्या पोराने स्वतः त्याच्यावर दगड रचले. इतकी वर्षं सांगायला यायचा धीर झाला नव्हता म्हणे त्याला. घड्याळ आणून दिलं पंढरीचं. यांना शब्द मोडवेना, आणि सुगंधाकडे बघवेना. मला म्हणाले, मी जिवंत असेतोवरच बोललोय ना, मग मी नसतो. मी काय करू? मी हो म्हटलं."

५

दुसऱ्या दिवशी उजाडताच धर्माजी सायकल काढून निघाला. बोईसरचं रेल्वेचं फाटक ओलांडलं, पुढे चढणीला सायकल झाडाला टेकवून पायी गेला. गोमाची बायको पारू झोपडीच्या दारात होती. तिला फुरसं चावलं होतं तेव्हा साहेबांनी ट्रक थांबवून तिला पालघरला नेलं होतं, ते ती विसरली नव्हती. ती वाट अडवून उभी राहिली.

"आमच्याकडं कोनी नाय."

"पारूबाई, कुडाला तो पांढरा मगा टांगलाय ना, त्याच्या मालकाला सांगा, धर्माजी आलाय."

मेजर भगवंत राऊत बाहेर आले. गुळगुळीत दाढी, ताठ पाठ, पायांत कापडी बूट. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"रामकिसनने काय चूक केली?" त्यांनी विचारलं.

"बूट पॉलिश केले, साहेब."

म्हाताऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला, मग त्यांनी मान फिरवली. "तू परत जा. लिहून टाक, प्रेत मिळालं नाही. मी उद्या नाशिकला जाईन, तिथून पुढे कुठेही. माझं वय झालं. सुगंधाचं नाही."

"साहेब, तुम्ही मोहीम आखलीत, पण मागे काय होईल याची टेहळणी केली नाहीत." एवढं बोलायला धर्माजीला छाती भरून श्वास घ्यावा लागला. त्याने आयुष्यात या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. "गाव म्हणतंय, सुनेने आणि नामदेवने मिळून म्हाताऱ्याला बुडवलं. बाराला फौजदार येताहेत. तुम्ही नामदेवला काय विचारलंत, ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलंय. तो खोटं बोलायला शिकलेला नाही. तुम्ही तिला मोकळं नाही केलंत. खुनाचा आळ घातलात तिच्यावर."

साहेब खाली बसले. दाराच्या फळकुटाचा आधार घेऊन, सावकाश.

"मी सगळ्यांदेखत बोललो होतो, धर्माजी. भाऊबंदांच्या, गावाच्या देखत. त्या एका शब्दावर मी पाच वर्षं जगलो. तो मोडला की पंढरी मरतो. मीच मारल्यासारखा."

"पंढरी पाच वर्षांपूर्वीच गेला, साहेब. तुमच्या हातात आता ती पोर आहे."

पारूने मग्यात चहा आणून ठेवला. तो निवून गेला. मग साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं.

"किती वाजले?" त्यांनी धर्माजीला विचारलं. खिशातल्या त्या पंढरीच्या घड्याळाने पाच वर्षांत वेळ दाखवली नव्हती.

"साडेआठ."

"चल मग. बाराच्या आत पोचायचं तर झपझप चालावं लागेल."

६

ते गावात शिरले तेव्हा पाणवठ्यावर बायकांच्या हातून कळश्या निसटल्या. काहींनी रामनाम घेतलं. साहेब कुणाकडे न पाहता चालत घरापर्यंत आले आणि ओटीवर उभे राहिले, पाच वर्षांपूर्वी उभे होते त्याच जागी. मागोमाग गाव जमलंच. पालघरचे फौजदारही जीपमधून उतरले.

"मी मेलेलो नाही," साहेब म्हणाले. आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता, पण तो पुढे टिकला नाही. "पंढरी मेलाय. बासष्ट सालीच. मला आठ दिवसांपूर्वी कळलं आणि मी लपवलं. मी दिलेला शब्द आज मी मोडतो आहे. या मुलीचा, त्या मुलाचा यात काही दोष नाही. भित्रा मी आहे."

गर्दीत ज्या म्हातारीने काल निकाल दिला होता, ती पदराने डोळे पुसायला लागली.

साहेब सुगंधापुढे आले. घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. काच तडकलेली, पट्टा कडक होऊन वाकलेला.

"पोरी, मी तुला फार उशीर केला."

तिने घड्याळ मुठीत धरलं.

फौजदारांना धर्माजीने जबाब लिहून दाखवला: मेजर राऊत रानात फिरायला गेले असता वाट चुकले, एका पाड्यावर मुक्काम केला, सुखरूप परतले. फौजदारांनी वाचलं, साहेबांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि सही केली. नामदेवलाही सोडायला सांगितलं. शहाणा माणूस होता.

माणसं पांगली. रामकिसन पायरीवर गुडघे टेकून साहेबांच्या कापडी बुटांवरचा लाल फुफाटा झटकायला लागला.

"राहू दे," साहेब म्हणाले. "आज राहू दे तसेच."

आत रत्नाबाईंनी ताटं मांडली. साहेबांचं, सुगंधाचं, आपलं, धर्माजीचं. आणि हात आपोआप फळीकडे गेला, पाचवं ताट खाली आलं, रोजच्या जागी बसलं, शेजारी पाण्याचा पेला. मग त्यांना कळलं आपण काय केलं ते, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. साहेबांनी मान खाली घातली. कुणाला ते ताट उचलवेना.

सुगंधा उठली. तिने पेल्यातलं पाणी अंगणात तुळशीला घातलं. परत येऊन ताट उचललं, पदराने पुसलं आणि फळीवर जागच्या जागी पालथं घालून ठेवलं. पाच वर्षांत त्या घरात ती कुणादेखत रडली नव्हती. फळीला कपाळ टेकून ती रडायला लागली, मोठ्याने, आणि रत्नाबाईंनी तिला जवळ घेतलं.